इंजिन बसवलं, पण ऑटोमॅटिक गिअर बदलतच नाही! मदत हवी आहे

हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) बदलायला इंजिन खाली उतरवलं होतं. घरीच, दोन रविवार घालवून. इंजिन आता मस्त चालतंय, पण 'डी'मध्ये टाकलं की गाडी जड उचलते आणि गिअर पुढे सरकतच नाही. रिव्हर्स ठीक आहे. लिम्प मोड असावा, म्हणजे बिघाड दिसला की गाडीचा कंप्युटर गिअर एकाच जागी अडकवून ठेवतो तो.

गिअर ऑइल गाडी गरम आणि चालू ठेवूनच पाहिलं: पातळी बरोबर, रंग लाल, जळका वास नाही. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) पूर्ण आत बसलाय याची खात्री बोल्ट आवळण्याआधीच केली होती (हे विचारणार हे माहीत होतं!). त्यामुळे संशय वायरिंगवर. गिअरबॉक्सचा एखादा कनेक्टर किंवा अर्थिंगची वायर जोडायची राहिली असेल का? गाडीचे एरर कोड वाचणारा स्कॅनर मिळेपर्यंत कोणते प्लग, कोणते सेन्सर आधी तपासू? सगळं पुन्हा उतरवायची हिंमत नाही.