फरसाणाचा छोटा कारखाना: कंपोझिशनमध्येच राहावे की नियमित नोंदणी घ्यावी?

प्रश्न:
नमस्कार. सांगलीत माझा फरसाण आणि चिवड्याचा छोटा कारखाना असून महिन्याची विक्री साधारण ८ लाख रुपये आहे. निम्मा माल काउंटरवर खपतो, उरलेला आसपासच्या किराणा दुकानांत जातो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असल्यामुळे विक्रीवर १ टक्का भरतो, बाकी कटकट नाही. मात्र तेलाचा डबा, व्यावसायिक सिलिंडर आणि पाकिटांची फिल्म या तिन्हींचे दर चढल्याने २०० ग्रॅमच्या पाकिटामागे पूर्वी सात रुपये सुटत, ते आता जेमतेम चार सुटतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद फरसाणावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा नियमित नोंदणी (विक्रीवर पूर्ण ५ टक्के कर, पण खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा) परवडेल का?

उत्तर १:
केवळ १ टक्क्याकडे पाहू नका, कारण खरेदीवर भरलेला कर कंपोझिशनमध्ये परत मिळत नाही. समजा, महिन्याला तेल २ लाखांचे (५ टक्के), पाकिटे ६० हजारांची आणि गॅस ४० हजारांचा (दोन्हींवर १८ टक्के), तर २८,००० रुपये खरेदीतच जिरले. त्यात विक्रीवरच्या १ टक्क्याचे आपले ८,००० धरून ३६,००० झाले. नियमित नोंदणीत विक्रीचे दर तेच ठेवले, तर ८ लाखांतून (त्यातच ५ टक्के कर धरून) सुमारे ३८,१०० कर निघतो आणि त्यातून २८,००० वजा होतात. म्हणजे खरेदीत दिलेले २८,००० धरून एकूण भार जवळपास तेवढाच, वर हिशेबनीसाचा पगार. फरक पडतो तो दुकानांच्या मालात: दुकानदार नियमित नोंदणीचे असतील, तर ५ टक्के वेगळे लावता येतात आणि त्यांना ते वजा मिळतात. तसे झाल्यास आपले महिन्याला सुमारे १७,००० वाचतील. गाळा भाड्याचा असून मालकाची नोंदणी नसेल, तर भाड्यावरचा १८ टक्के कर नियमित नोंदणीत आधी आपल्यालाच रोखीने भरून मग वजा करून घ्यावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

उत्तर २:
वरील हिशेब बरोबर आहे, पण माझा अनुभव असा की कारखाना कराने कमी आणि उधारीने जास्त अडतो. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) केली असेल, तर लेखी करार नसताना १५ आणि असताना फार तर ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर केल्यास प्राप्तिकरात तो खर्च त्याला पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. मोठ्या खरेदीदारांवर याचा वचक बसतो. अंदाजित नफ्यावर (विक्रीचा ठरावीक टक्का नफा धरून) कर भरणाऱ्या किराणा दुकानदाराला मात्र त्याचे काहीच वाटत नाही, कारण तो खर्च वेगळा वजा करतच नाही. म्हणून मी रोखीचा आणि उधारीचा दर वेगळा ठेवला आहे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. काल बिलबुके घेऊन बसलो. २३ दुकानांपैकी जीएसटी क्रमांक नऊ जणांकडे आहे आणि त्यातले पाच माझ्यासारखेच कंपोझिशनमध्ये आहेत, म्हणजे कर वजा घेऊ शकणारे चारच. त्यामुळे तूर्त आहे तिथेच राहतो. उधारीचा दर मात्र पुढच्या महिन्यापासून वेगळा लावणार आहे.