आर्क : कंस, चाप की प्रज्योत? आणि तो तुटतो की निवतो?

प्रश्न : डिप्लोमाच्या मुलांसाठी उच्चदाब सर्किट ब्रेकरवर, म्हणजे बिघाड झाला की वीजप्रवाह बंद करणाऱ्या उपकरणावर, मराठीत टिपण लिहिते आहे. त्याचे काँटॅक्ट (प्रवाह नेणारे धातूचे भाग) एकमेकांपासून सुटताना मध्ये पेटणाऱ्या आर्कला काय म्हणावं? ठिणगी चालेल का?

प्रतिसाद : ठिणगी नको. ठिणगी उडते आणि संपते. आर्क टिकून राहतो. हजारो अंश तापलेल्या वायूचा तो वाहकच असतो. काँटॅक्ट सुटले तरी प्रवाह त्यातून चालूच राहतो. कंस म्हटलं की मुलांना वर्तुळ आठवेल. हिंदीतला चाप व्युत्पत्तीला धरून आहे : हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कोळशाच्या आडव्या कांड्यांमध्ये पेटवलेली ज्योत तापल्या हवेबरोबर वर उचलली जाऊन धनुष्यासारखी वाकली, त्यावरून आर्क. पण मराठीत चाप बंदुकीला असतो, नाहीतर खर्चाला लावायचा. शिवाय ब्रेकरमध्ये वायूच्या झोतात हा आर्क बराचसा सरळच असतो. परिभाषेत प्रज्योत आहे, मला तो आवडतो. एकदा ओळख करून द्या आणि पुढे आर्कच लिहा.

प्रश्न : आणि आर्कचं वागणं समीकरणात मांडणारी कॅसी, मायर यांची मॉडेलं?

प्रतिसाद : तिथे नामापेक्षा क्रियापदं जपा. कॅसीने (1939) आर्कचं तापमान जवळपास स्थिर धरलं. प्रवाहाबरोबर बदलते ती जाडी. म्हणजे आर्क फुगतो, रोडावतो. मायरने (1943) जाडी स्थिर धरली, तापमान बदलू दिलं. त्याचा आर्क तापतो, निवतो. मोठ्या प्रवाहाला पहिलं मॉडेल बरं, प्रवाह शून्याजवळ आला की दुसरं.

'ब्रेकर प्रवाह तोडतो' हे वाक्य मात्र मुलांना चकवतं. 50 हर्ट्झला प्रवाह दर 10 मिलिसेकंदांनी आपणच शून्यावर येतो, आणि ब्रेकरला ती संधी साधायची असते. मायरच्या समीकरणात दोनच राशी ठरवाव्या लागतात : आर्कमधून निघून जाणारी उष्णतेची शक्ती आणि कालस्थिरांक. आत येणारी शक्ती बाहेर जाणारीपेक्षा कमी पडली की वाहकता घसरते. किती झपाट्याने, ते कालस्थिरांक सांगतो. ब्रेकरमध्ये आर्क विझवायला वापरतात त्या एसएफ6 (सल्फर हेक्झाफ्लोराइड) वायूत तो मायक्रोसेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी.

शून्यानंतर जी किंचित वाहकता उरते तिला मी वर्गात धग म्हणतो. चुलीतलं लाकूड विझलेलं दिसतं, फुंकर बसली की पुन्हा फुलतं. इथे ती फुंकर म्हणजे काँटॅक्टवर झपाट्याने चढणारं व्होल्टेज. धग असतानाच ते चढलं तर आर्क पुन्हा फुलतो. धग गेल्यावर, नुसत्या व्होल्टेजच्या ताणाने मधली फट फुटली, तर तो नव्याने पेटतो. या दोन अपयशांना एकच शब्द वापरू नका, कारण त्यांचे उपायही वेगळे आहेत.

आणखी एक प्रतिसाद : धग पटलं. पण व्हॅक्यूम ब्रेकरमध्ये वायूच नसतो, आर्क काँटॅक्टच्याच धातूच्या वाफेवर जगतो. शून्याला ती वाफ पसरून बसते. तिथे 'निवतो' लागू पडत नाही. 'विरतो' म्हणावं का?

प्रतिसाद : हो, विरतोच. आणि मायरचं मॉडेल तिथे जसंच्या तसं लावू नये, हेही टिपणात घाला.