अमेरिकेतला वर्णभेद कोणी मोडला: चळवळीने की शीतयुद्धाने?

उंबरठा

ऑगस्ट १९५५. भारताचे अमेरिकेतले राजदूत गगनविहारी मेहता ह्यूस्टनच्या विमानतळावर जेवायला बसले होते. त्यांच्या कातडीचा रंग पाहून त्यांना तिथून उठून दुसऱ्या खोलीत बसायला सांगण्यात आलं. टेक्ससमध्ये गोऱ्यांची आणि काळ्यांची पंगत वेगळी असायची. बातमी बाहेर पडली आणि परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

डलेस यांना मेहतांचा एवढा कळवळा का? कारण काही महिन्यांपूर्वीच इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले देश एकत्र जमले होते, आणि हे नवे देश कोणाच्या बाजूला झुकतात याची वॉशिंग्टनला धास्ती होती. रशियाला फारसं काही रचून सांगावं लागत नव्हतं. अमेरिकेतल्याच बातम्या पुढे करायच्या, काम झालं.

माझं म्हणणं असं की अमेरिकी सरकारने वर्णभेदाला हात घातला, तो मुख्यतः बाहेरच्या जगाच्या नजरेमुळे. डिसेंबर १९५२ मध्ये शाळांमधल्या वर्णभेदाचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता. सरकार त्यात पक्षकार नव्हतं, तरी न्याय खात्याने आपण होऊन निवेदन दिलं. त्यात परराष्ट्र खात्याचा हवाला देऊन स्पष्ट म्हटलं होतं की वर्णभेदामुळे कम्युनिस्टांच्या प्रचाराला आयतं खाद्य मिळतं. १७ मे १९५४ ला या 'ब्राउन' खटल्याचा निकाल लागला, शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला, आणि 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या सरकारी रेडिओने तो लगोलग ३४ भाषांमधून जगाला ऐकवला. मिसिसिपीतल्या शाळांच्या वर्गात काही बदलायच्या आधी बातमी आशियात पोचली होती.

मग सप्टेंबर १९५७, आर्कान्सा राज्यातलं लिटल रॉक. नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जाऊ द्यायचं नाही म्हणून राज्यपाल ऑर्व्हल फॉबस अडून बसले. आयझेनहॉवर हे काही वर्णभेदाविरुद्ध उठून उभे राहणारे गृहस्थ नव्हते, पण त्यांनी सैन्याची १०१वी एअरबोर्न डिव्हिजन धाडली आणि देशाला उद्देशून केलेल्या भाषणात सांगितलं की आपले शत्रू या प्रकाराने खूश होताहेत. शाळकरी पोरांच्या प्रश्नावर बोलताना राष्ट्राध्यक्षाला शत्रू आठवतो, यातच सगळं आलं.

याचा अर्थ चळवळ बिनमहत्त्वाची होती असं मी म्हणत नाही. पण चळवळ त्याआधीही होती. पन्नास वर्षं निवेदनं, खटले, मोर्चे चालूच होते. दार उघडलं ते शीतयुद्धात. का, यावर बोलूया.

---

कृष्णाकाठ

अजिबात पटलं नाही.

तुम्ही ऑगस्ट १९५५ म्हणालात. त्याच महिन्याच्या शेवटी मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय पोराला मारून नदीत फेकलं. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. माझ्या लेकराचं काय केलंय ते सगळ्यांना दिसू दे म्हणून. जगभर छी-थू झाली. आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरीने आरोपींना तासाभरात निर्दोष सोडलं. तुमची जगाची नजर त्या वेळी कुठे होती? राजदूताला माफी मिळते, कारण त्याच्या मागे देश असतो. टिलच्या मागे फक्त त्याची आई होती.

त्याच डिसेंबरात अलाबामातल्या माँटगोमेरीत, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध, बसवर बहिष्कार सुरू झाला. ३८१ दिवस माणसं कामावर पायी गेली. धुणीभांडी करणाऱ्या बायका उन्हातान्हात मैलोन्मैल चालल्या. त्यांना मॉस्कोशी काय देणंघेणं होतं?

सैन्याचंही तेच. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ ला सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. त्याआधी कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी खणखणीत बजावलं होतं की भेदभाव राहिला तर आम्ही तरुणांना सक्तीच्या भरतीला नकार द्यायला सांगू. वर नोव्हेंबरात निवडणूक, आणि उत्तरेकडच्या शहरांत कृष्णवर्णीयांची मतं निर्णायक. हे दबाव घरातले होते. इतिहास लिहिताना सरकारी कागद हाताशी असतात, म्हणून सरकारची कारणं मोठी दिसतात. पायी चालणाऱ्या बाईने निवेदन लिहून ठेवलेलं नसतं.

---

एडिसनकर

मी न्यू जर्सीत वाढले, म्हणून या धाग्यात माझा जीव अडकलाय.

१९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला १०० माणसांना अमेरिकेत स्थायिक होता यायचं. शंभर! ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली आणि ती मर्यादा एका देशाला २०,००० झाली. माझे बाबा पुण्याहून १९६९ मध्ये इंजिनियर म्हणून आले ते या दारातून. जुन्या कोट्यांमुळे मित्रदेशांचा अपमान होतो, असं ट्रुमन १९५२ पासून सांगत होते. म्हणजे परराष्ट्र धोरणाचा भाग त्यात होताच.

पण तारखा बघा. नागरी हक्कांचा कायदा जुलै १९६४, मतदानाच्या हक्काचा ऑगस्ट १९६५, आणि स्थलांतराचा ऑक्टोबरात. अलाबामातल्या सेल्मात मतदानाच्या हक्कासाठी पोलिसांचे दंडुके खाल्लेल्या माणसांनी देशाची हवा बदलली नसती, तर आमचा कायदा इतक्या सहज मंजूर झाला असता असं मला वाटत नाही. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात हे कधीच कोणी बोलत नाही. 'आम्ही स्वतःच्या हिमतीवर आलो' एवढंच ऐकू येतं. बाबांची हिंमत मी पाहिली आहे, ती खोटी नव्हती. पण दार उघडायला दुसऱ्याच कोणाचं तरी रक्त सांडलं होतं, आणि ते न सांगणं मला कृतघ्नपणाचं वाटतं.

---

भीमथडी

दोघांचंही अर्धंच पटतंय. शीतयुद्धाने काय दिलं यावर चर्चा चाललीय. काय हिरावून घेतलं?

जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईहून अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागताहेत हे त्यांच्या वाचनात आलं होतं, आणि अस्पृश्यांसाठीही तसं करावं का हा विचार त्यांच्या मनात होता. त्यांनी अर्जाच्या प्रती मागितल्या. डुबॉइस यांनी त्याच महिन्यात आस्थेने उत्तर दिलं. हा पत्रव्यवहार वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. दोन खंडांतले दोन प्रचंड विद्वान, आणि दोघांनाही आपल्या माणसांसाठी घराबाहेरचं न्यायालय शोधावं लागतंय.

पुढच्याच वर्षी डुबॉइस यांच्या पुढाकाराने 'एनएएसीपी' या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा सविस्तर अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे गेला. तो चर्चेला घ्यावा असं रशिया म्हणाला, आणि तिथेच त्या अर्जाचा घात झाला. विरोध कोणाचा? एलिनॉर रूझवेल्ट यांचा. मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष आणि त्याच 'एनएएसीपी'च्या संचालक मंडळावर. १९४८ मध्ये संघटनेने डुबॉइस यांनाच काढून टाकलं. १९५१ मध्ये सरकारने परकीय हस्तक म्हणून त्यांच्यावर खटला भरला. सुटले, पण पुढे पासपोर्टही अडवला. गायक पॉल रोबसन यांचा पासपोर्ट १९५० पासून आठ वर्षं बंद होता, कारण ते परदेशात जाऊन खरं बोलायचे.

म्हणजे सरकारने जगाच्या नजरेला दिलेलं पहिलं उत्तर वर्णभेद संपवणं हे नव्हतंच. जगाला सांगणाऱ्याचं तोंड बंद करणं, हे पहिलं उत्तर होतं. 'मानवी हक्क' म्हटलं की त्यात घर, नोकरी, दवाखाना सगळं येत होतं. ते बोलणारा कम्युनिस्ट ठरू लागला. उरले 'नागरी हक्क': शाळेचं दार, बसमधली जागा, मतपेटी. ते मिळालं, मोलाचं होतं. पण डेट्रॉइट शहर १९६७ मध्ये दंगलीत पेटलं ते बसमधल्या जागेसाठी नव्हे.

---

उंबरठा

भीमथडी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. पासपोर्टचा मुद्दा माझ्या मांडणीत यायलाच हवा होता, तो राहिला ही माझी चूक. पण पाहा, पासपोर्ट अडवायची गरज का पडली? नजर बोचत होती म्हणूनच ना?

कृष्णाकाठ, एमेट टिलबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. जगाचा दबाव वॉशिंग्टनपर्यंत पोचायचा, मिसिसिपीच्या ज्यूरीपर्यंत नाही. पण ६३ च्या मे महिन्याचं काय? अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये वर्णभेदाविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या मुलांवर पोलिसांचे कुत्रे आणि बंबाचे फवारे सोडले. नेमके तेव्हाच आफ्रिकेतले राष्ट्रप्रमुख अदिस अबाबात जमले होते. युगांडाचे पंतप्रधान मिल्टन ओबोटे यांनी केनेडींना उघड पत्र लिहून निषेध केला. ११ जूनला केनेडी दूरचित्रवाणीवर नागरी हक्कांच्या कायद्याबद्दल बोलले. यात काहीच संबंध नाही म्हणता?

---

कृष्णाकाठ

संबंध आहे, पण क्रम उलटा आहे. बर्मिंगहॅमची पोरं शाळा सोडून रस्त्यावर उतरली नसती, तर ओबोटे पत्र कशाबद्दल लिहिणार होते? जगाला दिसेल असं काहीतरी आधी कोणीतरी स्वतःच्या अंगावर घ्यावं लागतं.

आणि लिटल रॉकची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. सैन्य आलं, छायाचित्रं जगभर छापली गेली. पुढच्या वर्षी फॉबस यांनी गावातली सरकारी हायस्कुलं अख्खं वर्षभर बंद ठेवली. गोरी-काळी सगळी पोरं घरी. तेव्हा काही एअरबोर्न डिव्हिजन आली नाही. परक्यांसाठी केलेली सुधारणा परक्यांची पाठ वळेपर्यंतच टिकते.

---

शाल्मली

या वादात मला मेरीलँडचा रूट ४० आठवतो. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला जाताना नव्या आफ्रिकी देशांचे राजदूत या रस्त्याने जायचे आणि वाटेतल्या हॉटेलांत त्यांना जेवण नाकारलं जायचं. १९६१ मध्ये चाडच्या राजदूतांना हाच अनुभव आला. केनेडींच्या परराष्ट्र खात्याने हॉटेलमालकांची मनधरणी सुरू केली.

मग बाल्टिमोरच्या 'आफ्रो-अमेरिकन' या वृत्तपत्राचे कृष्णवर्णीय वार्ताहर झगे घालून, 'गोबान' नावाच्या कल्पित देशाचे मुत्सद्दी बनून त्याच रस्त्यावरून गेले. काही ठिकाणी त्यांना अदबीने वाढलं! तेच वार्ताहर, तीच कातडी. साध्या कपड्यात असते तर दारातूनच परत फिरवलं असतं.

उंबरठा, तुमच्या सिद्धांताची ताकद आणि मर्यादा दोन्ही मला यात दिसतात. परराष्ट्र धोरणाला परका काळा माणूस दिसत होता, घरचा नाही. घरच्याला दिसायला विद्यार्थ्यांना त्याच रस्त्यावर हॉटेलांपुढे धरणं धरावं लागलं.

आणखी एक. ४ एप्रिल १९६७ ला मार्टिन ल्यूथर किंग रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले. मोठ्या वृत्तपत्रांनी झोडपलं, 'एनएएसीपी'ने हात झटकले, जॉन्सन दुरावले. परराष्ट्र धोरणाची शोभा वाढवणारा किंग हवा होता, त्यावर बोट ठेवणारा नको होता.

---

एडिसनकर

शाल्मली, हे गोबानचं माझ्या मुलीला आजच सांगणार आहे.

---

उंबरठा

शाल्मली, मान्य. 'मुख्यतः' हा शब्द मी मागे घेतो. पण नजरेचं वजन शून्य होतं हे मी मानणार नाही. त्या नजरेत आपलीही भर होती. चेस्टर बोल्स भारतात राजदूत होते तेव्हा जिथे जातील तिथे त्यांना अमेरिकेतल्या वर्णभेदाबद्दल प्रश्न विचारले जायचे, आणि ते हे मायदेशी जाऊन सांगत होते. प्रश्न विचारणाऱ्या त्या साध्या माणसांचा वाटा मला पुसून टाकायचा नाही.

---

भीमथडी

पुसू नका. पण २०२० चंही बघा. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर आफ्रिकी देशांच्या मागणीवरून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत तातडीची चर्चा झाली. फ्लॉइडच्या भावाने व्हिडिओवरून परिषदेला सांगितलं की आम्हाला मदत करा. अमेरिका २०१८ मध्येच परिषदेतून बाहेर पडली होती. ठराव झाला, पण अमेरिकेची स्वतंत्र चौकशी करण्याची मागणी त्यातून गळाली.

१९४७ मध्ये निदान अर्ज अडवण्यासाठी तरी कोणीतरी त्या खोलीत बसलेलं होतं.