मदत हवी आहे: पूल टेबलावरची रेघच वाकडी निघाली, सेमीफायनलचा निकाल काय लावू?

नमस्कार मंडळी,

प्रश्न तसा किरकोळ आहे, पण आमच्या सोसायटीत त्यावरून सरळ दोन गट पडलेत. रविवारी आरतीनंतर फायनल आहे, म्हणून घाईघाईत धागा काढतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गणपतीतल्या स्पर्धांमध्ये कॅरम, बुद्धिबळाच्या जोडीला यंदा क्लबहाऊसमधल्या टेबलावर एट बॉल पूलही ठेवलं. आयोजक मी. टेबल आठ फुटी. महिन्याभरापूर्वीच कापड बदललं. बसवणाऱ्यानं जाता जाता पेन्सिलीनं ब्रेकची (पहिल्या फटक्याची) रेघ मारून दिली आणि रॅकसाठी, म्हणजे सुरुवातीला बॉल त्रिकोणात रचायला, काळा ठिपका चिकटवला. मोजून कुणी बघितलं नाही. मीही नाही.

आमचा छापील नियम असा: पांढरा (काठीनं मारायचा बॉल) पॉकेटात गेला की समोरच्यानं तो रेघेमागे हवा तिथे ठेवायचा. पण रेघेमागेच असलेल्या बॉलवर डायरेक्ट मारायचं नाही. पांढरा आधी रेघेबाहेर गेला पाहिजे, मग कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) परत येऊन लागला तर चालेल.

सेमीफायनल माझा मेव्हणा विरुद्ध बी विंगमधला एक मुलगा. (हो, मेव्हणा. म्हणूनच निकाल मी एकट्यानं द्यायला घाबरतोय.) शेवटच्या फ्रेममध्ये मेव्हण्यानं पांढरा घालवला. मुलाचा एकच स्ट्राइप (पट्ट्याचा बॉल) उरला होता, तेरा नंबर, उजव्या कुशनपासून वीतभर आणि रेघेला जवळजवळ खेटून. मेव्हणा शॉटच्या आधीच म्हणाला, "हा आत आहे, डायरेक्ट नाही मारायचा." मुलगा म्हणाला, "काका, रेघ बघा ना, बाहेर आहे." रेफरी म्हणून आमच्याकडे एक निवृत्त काका आहेत, तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये बिलियर्ड्स खेळलेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, टेबलावर ओणवे झाले आणि म्हणाले, "बाहेर. मार." मुलानं तेरा घातला, पाठोपाठ काळा, म्हणजे फ्रेम त्याची. हात मिळवून झाले.

दहा मिनिटांनी कुणाला तरी रेघ तिरकी वाटली. टेप लावली. ब्रेकच्या बाजूच्या आडव्या कुशनपासून रेघ डावीकडे २३ इंचांवर, उजवीकडे साडेएकवीसवर! एकाच्या मोबाईलवर त्या शॉटचा व्हिडिओ आहे. त्यात तेरा नंबर दुसऱ्या डायमंडच्या (कडेच्या लाकडावरच्या खुणेच्या) किंचित आत दिसतो. म्हणजे काढलेल्या रेघेनं बॉल बाहेर, डायमंडनं बघितलं तर आत.

आता मेव्हणा म्हणतो फाउल होता, फ्रेम परत खेळवा. बी विंग म्हणते एकदा हात मिळवले की विषय संपला. काय करू?

—

खडूची_डबी
आधी एक सांगा, खेळायची जागा किती बाय किती? कुशनच्या रबराच्या नाकापासून नाकापर्यंत मोजा, लाकडापासून नको.

—

धागाकर्ता
आत्ताच खाली जाऊन मोजलं. ९२ बाय ४६.

—

तिरका_कट
मग खरी रेघ २३ इंचांवर. लांबीचा चौथा हिस्सा, दोन्ही बाजूंच्या दुसऱ्या डायमंडना जोडणारी. नऊ फुटी टेबलावर हीच २५ इंचांवर येते, कारण तिथे आतली लांबी १०० इंच. पेन्सिलीची रेघ ही नुसती सोय आहे, रेघ ठरते मापानं. मेव्हण्याचं बरोबर आहे, फ्रेम परत खेळवा.

—

खडूची_डबी
असहमत. माप २३ हे मान्य, पण निकाल बदलू नका.

मेव्हण्यांनी हरकत वेळेत घेतली हे खरं. पण ती बॉलवर घेतली, रेघेवर नाही. 'रेघ चुकलीय, दोरा लावून बघा' असं त्या वेळी म्हणाले असते तर खेळ थांबवून मोजणं भागच होतं. ते म्हणाले बॉल आत आहे, आणि समोर दिसणाऱ्या रेघेनुसार रेफरींनी तो बाहेर ठरवला. पूलमध्ये फाउलबद्दलची तक्रार पुढचा शॉट लागायच्या आत करायची असते. इथे तर पुढे काळाही गेला आणि हातही मिळवले. शिवाय याच वाकड्या रेघेवर सगळी स्पर्धा खेळली गेलीय. या फ्रेमला २३ इंच लावणार असाल तर पहिल्या फेरीपासून लावा, मग अनंत चतुर्दशीपर्यंत बसा मोजत.

राहिला व्हिडिओ. बॉल आत की बाहेर हे त्याचा कापडाला टेकलेला बिंदू कुठे आहे त्यावर ठरतं, वरून दिसणाऱ्या गोलावर नाही. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे टेकलेल्या बिंदूच्या दोन्ही अंगांना इंचाहून थोडा जास्तच भाग लोंबतो. तुमच्या रेघेची चूकच मुळात दीड इंचाची, तीही एका टोकाला. मोबाईल जरा तिरका धरला असेल तर 'किंचित आत' याला काडीचा अर्थ नाही. बॉल जागेवर असता तर मोजता आला असता. तो आता ट्रेमध्ये आहे.

—

जुना_मार्कर
वरच्या प्रतिसादाला +१. भर एवढीच घालतो की तुमच्या रेफरीकाकांना एक गोष्ट विचारा: बॉल बरोबर रेघेवर असता तर त्यांनी काय सांगितलं असतं? बिलियर्ड्समध्ये बॉकलाइनवर (तिथल्या अशाच रेघेवर) टेकलेला बॉल बॉकच्या, म्हणजे रेघेमागच्या भागाच्या, आत धरतात. पूलमध्ये उलट आहे. रेघ ही आतल्या भागात मोजत नाहीत, म्हणून रेघेवरचा बॉल डायरेक्ट मारता येतो, आणि त्याच कारणानं पांढरा मात्र रेघेवर ठेवता येत नाही, मागेच हवा. बिलियर्ड्सवाल्या मंडळींचा इथे हमखास गोंधळ होतो. मी स्वतः क्लबात बरीच वर्षं दोन्ही टेबलं सांभाळली आणि सुरुवातीला एकाचा नियम दुसऱ्याला लावून शिव्या खाल्ल्यात.

अवांतर: डब्ल्यूपीएच्या (जागतिक पूल संघटनेच्या) नियमांत एट बॉलला ब्रेकनंतर फाउल झाला की पांढरा टेबलावर कुठेही ठेवता येतो. तुमच्या छापील नियमात तेवढा बदल केलात तर हा वाद उद्भवायला जागाच राहणार नाही.

—

तिरका_कट
बॉलवर हरकत आणि रेघेवर हरकत हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. ठीक, परत खेळवा हे मागे घेतो. पण फायनलच्या आधी रेघ दुरुस्त कराच.

—

बाल्कनीतून_बघणारा
मेव्हणा हरला म्हणजे गौरीजेवणाला धागाकर्त्याच्या पानात पुरणपोळी पडणार का, हा खरा प्रश्न आहे.

—

धागाकर्ता
पडली, पण तूप मागून घ्यावं लागलं.

रेघ पुसून नवी कशी मारायची तेही सांगा. ओल्या फडक्यानं जाईल का?

—

जुना_मार्कर
ओलं फडकं अजिबात नको, कापड तिथे फुगतं आणि बॉल अडखळतो. मऊ ब्रशनं जेवढी पेन्सिल निघेल तेवढी काढा, उरलेली राहू द्या, आठवड्यात फिकी होईल. नवीन रेघेसाठी दोघं जण लागतात. दुसऱ्या डायमंडपासून समोरच्या दुसऱ्या डायमंडपर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरा. मग टेपनं दोन्ही टोकांना २३ इंच आहे का बघा, कारण कुशनचं रबर कधी बदललं असेल तर डायमंडही दगा देतात. दोन्ही जुळलं तरच शिंप्याच्या खडूनं बारीक रेघ मारा. पेन तर हातातही घेऊ नका.

आणि टेबल उघडलंच आहे तर रॅकचा ठिपकाही तपासा. एक दोरा आडव्या बाजूंच्या मधल्या डायमंडमधून उभा, दुसरा रॅकच्या टोकाकडच्या दुसऱ्या डायमंडमधून आडवा. दोन दोरे एकमेकांना छेदतात तिथे ठिपका हवा. ज्यानं रेघ अंदाजानं मारली त्यानं ठिपका मोजून लावला असेल असं मला तरी वाटत नाही.

—

धागाकर्ता
सर्वांचे आभार. काल रात्री रेफरीकाका, बी विंगमधला मुलगा आणि मेव्हणा यांना एकत्र बसवून खडूची_डबी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. निकाल कायम. मेव्हणा 'रेघेवर हरकत घ्यायला पाहिजे होती' असं दोनदा पुटपुटला आणि गप्प बसला. फायनलला पांढरा कुठेही ठेवायचा, हे दोन्ही फायनलिस्टनी मान्य केलंय. ब्रेक मात्र नव्या रेघेमागून.

सगळे गेल्यावर मी आणि वॉचमननं दोरे लावले. रेघ आता दोन्हीकडे २३. रॅकचा ठिपका पाऊण इंच डावीकडे निघाला. म्हणजे पहिल्या फेरीपासून सगळ्यांनीच वाकड्या रॅकवर ब्रेक मारलेत. जुना ठिपका सोलून नवीन बरोबर जागी चिकटवलाय. हे अजून सोसायटीत कुणाला सांगितलेलं नाही, वॉचमनलाही चहा पाजलाय.