पॅरामेडिकचा कोर्स घरबसल्या ऑनलाइन करून अँब्युलन्सवर उभं राहता येतं का?

विट्याचा मेकॅनिक

नमस्कार मंडळी. मी एसटी डेपोत मेकॅनिक. दवाखान्यातलं मला इंजेक्शनच्या पलीकडे काही कळत नाही, म्हणून विचारतोय. पुतण्या यंदा बारावी सायन्स झाला, ५८ टक्के. नीटमध्ये काही जमलं नाही. पण अँब्युलन्सचं वेड लहानपणापासूनचं, सायरन ऐकला की ताटावरून उठून दारात जातो. परवा त्याला मोबाईलवर जाहिरात दिसली: 'घरबसल्या पॅरामेडिक व्हा'. सहा महिने, फी ४५ हजार, रोज दोन तास व्हिडिओ, परीक्षा ऑनलाइन, सर्टिफिकेट कुरिअरनं घरी. मी फोन लावला. बाई म्हणाल्या, "सर, सीट्स भरत आल्यात, आज पाच हजार भरून नाव धरून ठेवा." प्रॅक्टिकलचं विचारलं तर म्हणाल्या, "थ्रीडी अ‍ॅनिमेशन आहे ना सर."

आता ऑनलाइन म्हटलं की वाईटच, असं माझं नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा यूट्यूब बघून मोबाईल दुरुस्ती शिकला, आज त्याच्या हाताखाली तीन पोरं आहेत. उलट दोन वर्षं रोज हजेरी लावून आलेले अप्रेंटिस आमच्याकडे येतात आणि चौदाच्या बोल्टला सतराचा पाना लावतात. पण भाऊ शेतकरी आहे, ४५ हजार त्याचे सहज निघत नाहीत. आणि मोबाईल बिघडला तर बिघडला, इथं माणूस आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगावं. पोराला हो म्हणू की नको?

फायलीतला माणूस

पहिली गोष्ट, पॅरामेडिकल आणि पॅरामेडिक यांत गल्लत करू नका. जाहिरातवाले मुद्दाम करतात. आपल्याकडे 'पॅरामेडिकल' म्हटलं की लॅब, एक्स-रे, ओटी, डायलिसिस सगळे टेक्निशियन आले. तुमच्या पुतण्याला व्हायचंय ते अँब्युलन्सवरचं, म्हणजे ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) किंवा पॅरामेडिक.

दुसरी गोष्ट कागदाची. या क्षेत्रासाठी २०२१ साली केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला, संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा आयोग त्यातून आला. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचं शिक्षण लागतं, तेही दोन ते चार वर्षांत पसरलेलं. आता हिशेब करा. रोज दोन तास, सहा महिने, एकही सुट्टी न घेता: ३६० तास. शिवाय या कायद्याखालचे विषय ऑनलाइन आणि दूरशिक्षणानं शिकवायला यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठांना मनाई केली आहे. त्यात मानसशास्त्र आणि आहारशास्त्रसुद्धा आलं. जिथं पेशंटशी नुसतं बोलायचं ते ऑनलाइन चालत नाही, तिथं श्वासनलिकेचं काम कसं चालेल?

पाच हजार भरू नका. बाकी कामाचं हे काम करणारे सांगतील.

घाटातली डॉक्टर

मी बीएएमएस. आपल्याकडे १०८ अँब्युलन्स सुरू झाली २०१४ ला. दोन वर्षांनी मी तिच्यात लागले आणि सहा वर्षं पाटण-कोयना भागात गाडीवर होते. आता कराडला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये अँब्युलन्सच्या मुलांना शिकवते. वरच्यांनी कायदा सांगितला, तो बरोबरच आहे. पण कायदा नसता तरी मी काय सांगितलं असतं ते सांगते.

आधी एक कबुली. ईसीजी मी कॉलेजात शिकले नाही, लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर शिकले. कॉलेजात सर फळ्यावर खडूनं एक पट्टी काढायचे, आम्ही ती वहीत उतरवायचो, त्यांचीही चुकायची आणि आमचीही. ऑनलाइन एका बैठकीत पन्नास पट्ट्या बघितल्या, थांबवून, मागं नेऊन, पुन्हा बघून. औषधांचे डोस, साप चावल्यावर काय करायचं नाही, लकव्याची लक्षणं, हे सगळं घरी पलंगावर बसून पक्कं होतं. सिलेंडरचं गणितच घ्या. भरलेल्या बी टाइप सिलेंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. पेशंटला मिनिटाला १० लिटर चालू असेल तर अडीच तास पुरेल. कराड ते पुणे तीन तास धरा, खंबाटकीत ट्रक आडवा झाला तर चार. म्हणजे दुसरा सिलेंडर गाडीत आहे का आणि त्याची चावी कुठं आहे, हे निघायच्या आधी बघायचं. यासाठी मुलाला वर्गात बोलवायची मला गरज वाटत नाही.

आता एक रात्र सांगते. तीन वर्षं झाली असतील. पेशंट पुण्याला हलवायचा होता, घशात ट्यूब घातलेली. गाडी बाहेरची, खाजगी, पोर्टेबल व्हेंटिलेटर नाही, त्यामुळे सगळा प्रवास अंबू बॅगवर, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायच्या फुग्यावर. मदतीला एक मुलगा, असाच ऑनलाइन सर्टिफिकेटवाला. पहिली दहा मिनिटं तो भीतीनं मिनिटाला तीस वेळा बॅग दाबत होता. सहा सेकंदांनी एकदा दाबायची असते हे त्याला पाठ होतं, पण घाबरलेल्या माणसाचे सहा सेकंद दोनात संपतात. मी त्याच्या मनगटावर हात ठेवून लय लावून दिली: दाब, सोड, थांब. जमलं.

साताऱ्याच्या पुढं गाडीनं एक मोठा धक्का खाल्ला आणि थोड्या वेळानं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, उतरायला लागलं. ९७ होतं, ९१ झालं, मग ८६. मी स्टेथो छातीला लावला, ट्यूब जागेवरच आहे ना ते ऐकायला, आणि त्याला विचारलं, "काय काय बघायचं?" त्यानं एका दमात सांगितलं, "डिस्प्लेसमेंट, ऑब्स्ट्रक्शन, न्यूमोथोरॅक्स, इक्विपमेंट." ट्यूब सरकली, ट्यूब तुंबली, छातीत हवा भरली, उपकरण बिघडलं. चारही बरोबर आणि क्रमानं. परीक्षेत दहापैकी दहा. आणि तो हे म्हणत असताना ऑक्सिजनची नळी सिलेंडरच्या फ्लोमीटरवरून निसटून त्याच्या बुटाजवळ पडली होती आणि सिलेंडर सूं सूं करत गाडीभर ऑक्सिजन सोडत होता. नुसत्या हवेवर बॅग चालली होती. माझ्या कानात स्टेथो, म्हणून मलाही ते उशिरा कळलं, हे लपवत नाही. नळी परत बसवली, मिनिटभरात आकडा चढायला लागला. पेशंट पुण्यात पोचला.

परतताना मी त्याला विचारलं, "आवाज आला नाही का रे?" म्हणाला, "आला मॅडम. पण सिलेंडरचा आवाज असाच असतो वाटलं." तो मुलगा ढ नव्हता. त्यानं तो आवाज आयुष्यात कधी ऐकलाच नव्हता. व्हिडिओत मागं संगीत चालू असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. व्हिडिओतला पेशंट नेहमी उजेडात, टेबलावर, उताणा असतो. आमचा पेशंट बाथरूमच्या दारात अडकलेला असतो, दार आत उघडणारं. किंवा वाडीवर असतो, जिथं गाडी जात नाही आणि झोळीतून खाली आणावा लागतो. दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर मास्क बसत नाही, कडेनं हवा जाते. ती हवा बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही. सीपीआरचंही, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याचंही, तेच. पाच सेंटिमीटर दाबायचं, सहाच्या पुढं जायचं नाही, मिनिटाला १०० ते १२०, हे आकडे सगळ्यांना येतात. पण डमीवर मुलांना दोन मिनिटं दाबायला लावते तेव्हा दीड मिनिटानंतर दाब उथळ व्हायला लागतो आणि दाबणाऱ्याला ते कळतच नाही. तो शपथेवर सांगतो की मी तेवढाच दाबतोय. शेजारी उभं राहून "खोल, अजून खोल" म्हणणारं कुणीतरी लागतं, आणि दोन मिनिटांनी हात बदलायला लावणारं.

आणि दादा, ऑफलाइन म्हणजे चांगलंच, असंही समजू नका. एका कॉलेजात मी परीक्षेला गेले होते, तिथल्या एकुलत्या एक डमीच्या छातीतली स्प्रिंग गेलेली होती. दाबली की आतच राहायची. तीन बॅच त्यावर पास झाल्या होत्या. तुमचा चुकीचा पाना लावणारा अप्रेंटिस तो हाच. तेव्हा त्या बाईंना आणि इतरही कुठल्याही कोर्सला तीनच गोष्टी विचारा: कुठल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पाठवणार, किती रात्रपाळ्या, आणि मुलाच्या लॉगबुकवर सही कोण करणार. परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, हेही विचारून घ्या.

नोकरीचंही स्पष्ट सांगते, नाहीतर पुढं तुम्ही मला बोल लावाल. महाराष्ट्रात १०८ वर डॉक्टर आणि पायलट असतात (पायलट म्हणजे ड्रायव्हर, आमच्यात तसंच म्हणतात). त्यामुळे ईएमटीला काम मिळतं ते बहुतेक खाजगी हॉस्पिटलांच्या गाड्यांवर, कॅज्युअल्टीत, नाहीतर कारखान्यांत.

डिचोलीची ईएमटी

मॅडमचं पटलं, पण एक टोचणी लावतेच. गाडीत डॉक्टर बसवला म्हणजे काम झालं, हेही अर्धवटच आहे हो. बीएएमएसच्या साडेपाच वर्षांत स्ट्रेचर जिन्यावरून उतरवायला कोण शिकवतं?

आमच्या गोव्यात १०८ ला २००८ पासून गाडीत डॉक्टर नाही. ईएमटी आणि पायलट, बस्स. डॉक्टर फोनवर. त्यांना आम्ही ईआरसीपी म्हणतो. आता बघा, हे एका अर्थी ऑनलाइनच झालं की! डॉक्टर तिकडे कॉल सेंटरमध्ये, पेशंट माझ्यासमोर, मधे माझे हात. आणि ते चालतं, रोज चालतं.

पण कधी चालतं? सत्तरी तालुक्यातून एक बाई आणत होते, दुसरं बाळंतपण, वाटेतच डोकं दिसायला लागलं. पायलटनं गाडी बाजूला घेतली, फोन स्पीकरवर टाकून माझ्या खांद्याशी धरला. डॉक्टर म्हणाले, "डोकं बाहेर आलं की मानेभोवती बोट फिरवून बघ, नाळ आहे का." होती. "सैल असेल तर डोक्यावरून काढ." आता सैल म्हणजे किती सैल? ते डॉक्टरांना फोनवर सांगता येईना आणि मला विचारता येईना. बोट आत सरकलं, वेढा हलला, मी तो बाळाच्या डोक्यावरून काढला. माझ्या बोटाला ते ठाऊक होतं, कारण ट्रेनिंगमध्ये लेबर रूमच्या सिस्टरनं माझा हात स्वतःच्या हाताखाली घेऊन दोनदा ते करवून घेतलं होतं. पहिल्यांदा मी ओढलं तेव्हा तिनं मनगटावर फटका मारला होता. बाळ रडलं तेव्हा पायलट माझ्याआधी रडला, पण ते इथं लिहू नको म्हणालाय.

म्हणून मी ऑनलाइनच्या विरोधात नाही. उजळणी मी मोबाईलवरच करते, ड्यूटी नसली की बसमध्ये. सहा महिने लहान मुलाची केस आली नाही तर डोस विसरायला होतो, तेव्हा त्याचा उपयोग होतो. पण ज्याच्या हातात अजून काही नाहीच, तो उजळणी कशाची करणार?

घाटातली डॉक्टर

डिचोलीच्या ताई, टोचणी मान्य. मला स्ट्रेचर उतरवायला माझ्या पायलटनं शिकवलं. पहिल्याच केसला मी पायाकडची बाजू वर धरली होती आणि आजोबा डोक्याकडून घसरायला लागले. तो नुसतं "मॅडम, फिरा" म्हणाला. नंतर वर्षभर चिडवत होता.

विट्याचा मेकॅनिक

सगळ्यांचे आभार. मी त्या बाईंना परत फोन केला आणि तिन्ही प्रश्न वाचूनच दाखवले. रात्रपाळीवर हसल्या. सहीचं विचारलं तर म्हणाल्या डिजिटल सही असते. कुठलं हॉस्पिटल म्हटल्यावर "सिनियर सरांशी बोलून कळवते". तीन दिवस झाले, फोन नाही. मात्र 'फीमध्ये २० टक्के सूट' असा मेसेज आला.

पुतण्याला सगळं वाचून दाखवलं. नळीच्या आवाजाचं ऐकून तो जरा गप्प झाला. मला वाटलं उतरलं खूळ. तर रात्री डेपोत आला आणि म्हणाला, काका, आपल्या गॅस वेल्डिंगच्या सिलेंडरची नळी सुटली की कसा आवाज येतो, ऐकवा की. मी कानफटात ठेवून दिली असती, पण हसूच आलं. मॅडम, त्याला एकदा तुमच्याकडे नुसता बघायला आणला तर चालेल का? फी वगैरे सांगा.

घाटातली डॉक्टर

वेल्डिंगच्या सिलेंडरपाशी अजिबात फिरकू देऊ नका त्याला! फी कसली. गुरुवारी दुपारी दोनला मुलांचा डमीवर सराव असतो, त्याला बसवते. आधी दोन मिनिटं छाती दाबायला लावीन, मग बोलू. जेवून या, उपाशी मुलं चक्कर येऊन पडतात. आणि नखं कापून यायला सांगा, ग्लोव्हज फाटतात.