मदत हवी आहे: 1 मेला मुंबईत काय बघावं?

नमस्कार मंडळी. यंदा 1 मेला आईबाबांना घेऊन मुंबईत असणार आहे. बाबा 1960 साली शाळेत होते, मंगलकलश आल्याची आठवण अजूनही रंगवून सांगतात (दरवेळी थोडी मोठी होते ती!). त्यामुळे नुसती रोषणाई नको, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा इतिहास दिसेल असं काहीतरी हवं.

सकाळी शिवाजी पार्कचं संचलन बघायचं आहे. ज्येष्ठांना बसायला जागा मिळते का? पास लागतो का? तिथलंच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं दालन त्या दिवशी उघडं असतं का, कुणी गेलंय?

मग हुतात्मा चौक. 21 नोव्हेंबर 1955 च्या गोळीबाराची ती जागा बाबांना एकदा पाहायचीच आहे. सकाळी नेत्यांची रीघ असते म्हणे, मग सामान्य माणसाला जवळ कधी जाता येतं?

शिवाय अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांच्या पोवाड्यांचा कार्यक्रम किंवा त्या काळातल्या 'मराठा' दैनिकाचे अंक मांडलेलं प्रदर्शन कुठे असेल तर नक्की सांगा. बाबांचे गुडघे दुखतात, फार जिने नकोत. लावणी महोत्सव सुचवू नका, आई नाही म्हणाली आहे.