सगळ्या मालिका एकाच साच्यातल्या का वाटतात?

कासवाला (सातारा)
परवा पुण्याला बहिणीकडं गेलो होतो, तिच्या सासूबाई हिंदी ‘अनुपमा’ बघत बसलेल्या आणि आमच्या मातोश्री शेजारी बसून पुढं काय होणार ते आधीच सांगून टाकत होत्या, म्हणे हे सगळं ‘आई कुठे काय करते’त होऊन गेलंय. सासूबाई वैतागल्या. पण मला कळंना, एवढाले पैसेवाले चॅनेल, यांच्याकडं लेखक नाहीत का? आमचे आजोबा सांगायचे की पडद्यावर पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीची तुतारी दिसली की माणूस सावरून बसायचा. आता लोगो झाकला तर कुठलं चॅनेल लागलंय ते सांगता येत नाही. हे ठरवतं कोण?

दुपारची_झोप
चोरी नाही ओ ती. दोन्हींची मूळ मालिका बंगाली ‘श्रीमोयी’, २०१९ ला स्टार जलसावर आली, त्याच वर्षाच्या शेवटी स्टार प्रवाहवर मराठी, २०२० ला स्टार प्लसवर हिंदी. मालक एकच, कथा घरातलीच. ‘सहकुटुंब सहपरिवार’ मूळची तमिळ, ‘ठिपक्यांची रांगोळी’ बंगाली. एका राज्यात चाललेली गोष्ट दुसरीकडं लावली की धोका कमी, नवीन लेखकावर पैसे लावायची कुणाची छाती आहे. आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासनं स्टार आणि कलर्सवाली व्हायाकॉम १८ कंपनी एकत्र झालेत, म्हणजे कलर्स मराठी पण त्याच घरात. आता बघा.

वाईकर
मी इथं शूटिंगला गाड्या आणि जेवण पुरवतो म्हणून सांगतो. मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’पासनं किती युनिटं येऊन गेली. पिक्चरवाले उन्हासाठी तास तास थांबतात, एका शॉटला अख्खी सकाळ घालवतात. मालिकेत तसलं काही नाही, आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपत आली की रात्री दोन वाजेपर्यंत चालतं. सीन काय, तर सून दारात उभी, सासूनं वळून बघितलं, आता घरात जेवढी माणसं तेवढ्यांचे चेहरे एकेक करून घ्यायचे, झाला अर्धा मिनिट. लेखक बिचारा मुंबईत बसून सकाळी सीन पाठवतो, कधी कधी मेकअप झाल्यावर कागद येतो, तेवढ्यात चॅनेलमधनं फोन की हा ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, बंद करा, लग्नाचा चालू करा. मग आम्ही मंडपवाल्याला फोन लावायचा. पैसे चॅनेलचे, कथेचा हक्क बहुतेक वेळा चॅनेलचा, मग डायरेक्टर काय बोलणार.

हरिपूरचा_बाळू (सांगली)
रीमेकला शिव्या घालू नका राव. प्रभातनंसुद्धा एकच गोष्ट दोनदा काढलीय की. १९३७ चा ‘कुंकू’ आणि हिंदीत ‘दुनिया न माने’, १९३९ चा ‘माणूस’ आणि हिंदीत ‘आदमी’. फरक असा की दोन्हीकडं दिग्दर्शक व्ही. शांतारामच, तोच स्टुडिओ, तीच पगारी माणसं. ‘कुंकू’ ज्या कादंबरीवरनं काढला ती ना. ह. आपट्यांची, म्हणजे कासवालांच्या शेजारच्या कोरेगावचे. म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न ती पोरगी मानतच नाही असली गोष्ट त्या काळात, आणि अख्ख्या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही! घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज, बास. आजच्या चॅनेलच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणून बघावं की सासूच्या चेहऱ्यावर ढोल वाजवायचा नाही म्हणून, दुसऱ्या दिवशी कामावर असेल का तो?

कासवाला
कोरेगावचं माहीतच नव्हतं, भारी. पण बाळूशेठ, एवढं चांगलं होतं तर १९५३ ला प्रभात बंद का पडली?

हरिपूरचा_बाळू (सांगली)
शांताराम १९४२ ला बाहेर पडले, १९४५ ला प्रभातचे भागीदार दामले वारले, मग राहिलं काय? स्टुडिओ म्हणजे भिंती थोड्याच. त्याच जागेवर १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट आली ते वेगळं.

दुपारची_झोप
बाळू, पण सगळं खापर चॅनेलवर फोडू नका, बघणारे आपणच. गुरुवारी टीआरपी येतो, ढोलवाली मालिका वर असते.

वाईकर
टीआरपीचं मीटर ठरावीक घरांतच असतं ओ. आमच्या गल्लीत कुणाकडं ते आहे असं ऐकलं नाही अजून, आणि ट्रॅक मात्र दर शुक्रवारी बदलतो.